तिसरं डोकं

रेवदंडा
४ डिसेंबर २०२५

प्रांजली,

आशीर्वाद लिहितो आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव. माझा फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलं आहेस आणि आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकताच ठेवून देतेस. म्हणून पोस्टात गेलो. तिथला माणूस म्हणाला, राऊतसाहेब, तुम्ही आणि पत्र? मी म्हटलं, पाकिटं अजून विकता ना, मग द्या. नाशिकच्या तुझ्या हॉस्टेलचा पत्ता आईने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी मागितला आणि तिने दिला, एवढंच.

मुद्द्याचं लिहितो. १६ फेब्रुवारीला अलिबागला कोर्टात तुझा जबाब आहे. वकिलांनी मला सगळं नीट समजावलं. केसेस दोन आहेत. एक माझ्यावर, मोरखार टोलनाक्यावरच्या हितेश नावाच्या माणसाला मारून त्याचा डावा डोळा घालवल्याची. दुसरी हितेशवर, तुझी छेड काढल्याची. ती फिर्याद मी दिली आहे. नाक्यावरच्या कॅमेऱ्यात मी मारताना दिसतो, ते नाकारून चालणार नाही. पण कॅमेरा वर छपराला आहे. त्याला गाडीचं टप आणि माझी पाठ दिसते, खिडकीत किंवा गाडीच्या आडोशाला खाली काय झालं ते दिसत नाही आणि ऐकू तर काहीच येत नाही. मी का मारलं हे फक्त गाडीतली माणसं सांगू शकतात. गाडीत आपण तिघं होतो. गाडी चालवणाऱ्या दादूने पोलिसांत माझ्या बाजूने सांगितलं आहे. राहिलीस तू.

तू म्हणालीस की त्याने तुझ्या अंगाला हात लावला, तर मुलीच्या अब्रूसाठी बापाचं डोकं फिरलं असं होतं आणि मी थोडक्यात सुटतो. तू म्हणालीस की तसं काही झालं नाही, तर मी पाच-सात वर्षं आत. नोकरी जाईल, पेन्शन जाईल. आज जामिनावर बाहेर आहे, आणि निलंबित तर आहेच. तेव्हा काय सांगायचं ते तुला समजतं, तू काही कुक्कुलं बाळ नाहीस.

तुला वाटत असेल की हा सगळा तमाशा अर्ध्या टोलसाठी झाला. तसं नव्हतं. मोरखारला गेल्या वर्षी तीन तऱ्हेच्या लेन केल्या. उजवीकडची जलद लेन, तिच्यातून एकट्याने सुसाट जा, पण टोल चढा, आणि रस्त्यावर गर्दी वाढेल तसा तो आणखी चढतो. कारखान्यांच्या साहेबांची लेन ती. मधल्या चार आपल्यासारख्यांच्या, टोल नेहमीचा आणि सकाळी चाळीस मिनिटं रांग. आणि अगदी डावीकडे तिघांची लेन. सकाळी सात ते दहा, गाडीत तीन किंवा जास्त माणसं असली तर टोल अर्धा आणि रांग नाही. लोकांनी एकत्र जावं, रस्त्यावर गाड्या कमी व्हाव्यात म्हणून काढलेली. काचेवरचा टॅग यंत्र वाचतं, बाजूला उभा असलेला माणूस वाकून डोकी मोजतो, बटण दाबतो आणि दांडा वर जातो. तो माणूस म्हणजे हितेश.

मला पनवेलला पावणेदहाच्या आत ऑफिसच्या मशीनवर अंगठा लावायचा असतो. तीन लेटमार्क झाले की एक रजा कापतात. त्या मधल्या रांगेत बसून मी एका वर्षात सगळ्या रजा घालवल्या. तुझ्या आजोबांच्या वर्षश्राद्धाला बिनपगारी राहिलो. मग दादूबरोबर जायला लागलो. गाडी त्याची, पेट्रोल निम्मं-निम्मं. आणि तिसरे भाऊसाहेब, पोयनाडचे, ज्यांच्याबद्दल मी घरी सांगायचो. त्या दिवशी ते नव्हते म्हणून तुला उठवलं. तुझी नोकरी सुरू व्हायला पंधरा दिवस होते, घरी लोळतच होतीस. चल, पनवेलला खरेदी कर म्हटलं. एवढाच माझा गुन्हा.

मनगटाचं प्लास्टर निघालं का? गर्दीत कुणीतरी गाडीचं दार आपटलं आणि त्यात ते सापडलं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझे बाबा


रेवदंडा
१९ डिसेंबर २०२५

प्रांजली,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. ‘बाबा, त्या माणसाने मला नक्की काय केलं ते तुम्ही लिहून पाठवा, मग मी ठरवते.’ एका ओळीसाठी पाकीट वाया घालवलंस. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हातात फोन होता तो भिंतीवर फेकला. आता फोनही नाही. तुझी आई तुकडे गोळा करत होती, एक शब्द बोलली नाही. तिला बोलायला कोण अडवतं?

मला परीक्षेला बसवतेस? घे, लिहितो. १७ नोव्हेंबरला सकाळी सव्वाआठला आपण डाव्या लेनमध्ये शिरलो. दांडा वर गेला नाही. हितेश खिडकीशी आला. डोकी मोजायच्या निमित्ताने त्याने आत हात घातला आणि तुझी ओढणी ओढली, खांद्याला हात लावला. तू दचकलीस. मी खाली उतरलो. पायाशी दादूचा चाकाचा पाना होता, तो हाताला आला. एक मारला. मग लोक आले.

लोक आले म्हणजे काय ते तूही पाहिलंस. मी एकदाच ओरडलो, याने माझ्या पोरीच्या अंगाला हात लावला. मधल्या लेनमधले लोक चाळीस मिनिटं तापत बसलेले, ते दारं उघडून धावत आले. कुणी त्याला मागून धरलं, कुणी कमरेचा पट्टा काढला. एका बाईने चप्पल काढून त्याच्या तोंडावर दहा-बारा वेळा हाणली आणि मग दमून बाजूला झाली. एकाने केस धरून त्याचं तोंड केबिनच्या जाळीवर घासलं. तो काहीतरी सांगत होता, पण तोंडातून रक्ताचे फुगेच येत होते. दोघांनी त्याला पाय धरून दांड्याखाली ओढला आणि दांडा खाली घेतला, वर घेतला, पुन्हा खाली घेतला. बटण कुणाला सापडलं देव जाणे. मोठमोठ्या गाड्यांतली, इस्त्रीच्या शर्टातली माणसं होती ती. मी खोटं बोललो असतो तर एवढी माणसं धावली असती का, तूच सांग.

डोळा माझ्याच पान्याने गेला असं कोर्टात सिद्ध होणार नाही, असं वकील म्हणतात. एवढ्या हातांतला कुठला हात, हे कोण सांगणार?

तेव्हा हे सगळं तुझ्यावर आहे. मी तुला शिकवलं. हॉस्टेलच्या फिया भरल्या. गावातल्या पोरी बारावीला लग्न करून गेल्या तेव्हा तुला सी.ए.च्या क्लासला घातलं. आज बापासाठी चार वाक्यं बोलायची तर तू मला ओळ लिहून पाठवतेस. कोर्टात माझ्याविरुद्ध एक शब्द बोललीस तर पुन्हा या घराच्या पायरीला पाय लावू नकोस. आणि लावलास तर मी काय करीन ते मलाच सांगता येत नाही. माझा हात तुला माहीत आहे.

बाबा


अलिबाग, दवाखान्यातून
२ जानेवारी २०२६

प्रांजली,

झोपून लिहितो आहे, अक्षर समजून घे. मागच्या पत्राचा शेवट जास्त झाला. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन ते परत मागितलं, पण थैली निघून गेली होती.

रविवारी दुपारी मी वाडीत होतो. गडी नारळ उतरवून गेला होता, मी ते मोजून गोणीत भरत होतो. रस्त्यावर मिनीडोर रिक्षा थांबली आणि चार जण उतरले. मला वाटलं नारळाचं गिऱ्हाईक. पुढचा म्हणाला, अनंता राऊत तूच काय? मी हो म्हटलं. त्याने नारळ सोलायच्या पहारीने माझ्या बरगडीत मारलं. सुळाच्या बाजूने नाही, दांड्याच्या बाजूने, हे त्याचे उपकार. हितेशचे चुलतभाऊ ते. मी खाली पडल्यावर दोघांनी लाथा घातल्या. एकाने माझी मान वळवून वाडीकडे केली आणि धरून ठेवली. चौथ्याने कोयत्याने पोफळी तोडायला घेतल्या. नऊ तोडल्या. पोफळ पडताना फार आवाज होत नाही, शेंड्याचा सळसळाट होतो आणि मग धप्प. जाताना पहिला म्हणाला, ‘आज पोफली. पुढच्या टायमाला तुझा डोला.’ तेवढं बोलून ते शांतपणे मिनीडोरमध्ये बसले. गाडी लगेच सुरू होईना, तर ढकलून सुरू केली.

दोन बरगड्या मोडल्या आहेत. श्वास घेतला की आत टोचतं. पोलीस येऊन लिहून घेऊन गेले.

आता तुला एक सांगायचं आहे, कारण आज ना उद्या आई सांगेलच, आणि ती कसं सांगेल याची मला भीती वाटते.

काल वकील इथे आले होते. म्हणाले, आपल्याला आणखी एक साक्षीदार हवा, रोज त्याच गाडीतून जाणारा, हितेशचं वागणं पाहिलेला, तुमच्या नात्यातला नसलेला. आई लगेच म्हणाली, मग भाऊसाहेबांना बोलवा ना. इतका सज्जन माणूस, ते नाही म्हणणार नाहीत. वकिलांनी डायरी काढली आणि भाऊसाहेबांचं पूर्ण नाव विचारलं.

प्रांजली, भाऊसाहेब नाहीत. कधीच नव्हते. सुरुवातीला आमच्याबरोबर दादूचा मेव्हणा यायचा. मार्चमध्ये त्याची माणगावला बदली झाली आणि आम्ही पुन्हा मधल्या रांगेत आलो. आठ दिवस लेटमार्क खाल्ले. मग दादूच्या डोक्यात आलं. आपल्या वाडीतली, नारळ सोलून उरलेली सोडणं गोणीत ठासून भरली, वर माझं जुनं खाकी जाकीट चढवलं, एका लहान पिशवीत सोडणं भरून डोकं केलं, त्याला माकडटोपी आणि मास्क घातला. मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं. नाव दादूने ठेवलं. गोणी असली तरी वयस्कर दिसत होती, म्हणून भाऊसाहेब. तुला उठवलं त्याच्या आदल्या रात्री उंदरांनी ती गोणी फोडली होती.

आईला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून सांगितलं की पोयनाडचे एक गृहस्थ येतात, बांधकाम खात्यातले. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. त्यांना साखर आहे. ते गाडीत झोपतात. मुलीचं लग्न जमत नाही. आईने त्यांच्या मुलीसाठी चौलचं एक स्थळसुद्धा सुचवलं होतं. दिवाळीला त्यांना साखर चालत नाही म्हणून खजुराचे लाडू वेगळे केले, स्टीलच्या डब्यात घालून दिले. मी आणि दादूने ते वडखळच्या पुढे गाडी थांबवून खाल्ले. डबा धुऊन परत आणला आणि भाऊसाहेबांना लाडू फार आवडले म्हणून सांगितलं.

हे सगळं मी काल वकिलांसमोर सांगितलं. वकील हसले नाहीत, त्यांनी डायरी मिटली. आईने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, ‘आठ महिनं मी एका गोणीची तब्येत इचारत होते.’ आणि उठून एसटीने घरी गेली. आज डबा शेजाऱ्याच्या हातून पाठवला.

हे खोटं होतं, मान्य. पण त्याचा त्या दिवशीच्या गोष्टीशी संबंध नाही. हितेशने हात घातला तो घातलाच.

बाबा


रेवदंडा
२१ जानेवारी २०२६

प्रांजली,

तू उत्तर पाठवलं नाहीस ते बरं केलंस. तू काही लिहिलं असतंस तर मी त्याच्यावरच भांडत बसलो असतो.

काल मी मोरखारला गेलो होतो, हितेशच्या घरी. कापडी पिशवीत कोयता घेऊन गेलो. कशाला ते लपवत नाही. एसटीत बसताना माझ्या मनात असं होतं की त्याला सांगायचं, तुझ्यावरची केस मी मागे घेतो, तू माझ्यावरची घे. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर कोयता दाखवायचा. आणि दाखवून भागलं नाही तर पुढचं काय, हे मी ठरवलं नव्हतं. पिशवी मांडीवर होती आणि शेजारची बाई तिच्यावर टेकून झोपली होती, म्हणून मी पेणपर्यंत हललो नाही.

घर नाक्याच्या पलीकडे, खाडीच्या बांधाला लागून. पुढच्या खिडकीला काच नाही, पुठ्ठा लावला आहे. त्या दिवसानंतर गावातल्याच लोकांनी दगड मारले, पोरीबाळींना हात लावणारा म्हणून. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, हेही तिथेच कळलं. ओट्यावर त्याची आई पुतळाबाई सुपात सुकट निवडत होती. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. कंपनीचा माणूस समजली. म्हणाली, पोराचा थांबवलेला पगार आणलात काय? मी हितेश घरात आहे का विचारलं. तिने आत हाक मारली आणि मला पाणी दिलं.

हितेश उंबऱ्यापाशी येऊन बसला. डाव्या डोळ्यावर कापसाची पट्टी, वरचे दोन दात नाहीत, बोलताना फस्स आवाज येतो. त्याने मला ओळखलं. मला वाटलं ओरडेल, भावांना बोलावेल. तो म्हणाला, ‘काका, बसा.’ त्याच्या आईच्या हातातलं सूप थांबलं.

मी केसचं बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो.

‘पयल्याच दिशी कललं मना, ती गोन हाय. मानूस कंदी इतका सरल बसतो काय? दादूकाकांनी हात जोडलं, बोलले, साहेबांच्या रजा कापतात. मी बटन दाबलं. आठ महिनं दाबलं, काका. आदल्या दिशी कंपनीनं नवं मशीन लावलं, त्यानं टॅग वाचताना काचेतून काढलेली जुनी चित्रं तपासली, तुमची गोन धरली. तुमचा टॅग बंद केला नि माझा पगार अडकवला. मी तेच सांगाया खिडकीशी आलेलो. तुमच्या पोरीच्या अंगाला मी हात लावला न्हाय. तुमाला ठावं हाय.’

तो अगदी हळू बोलत होता, आणि त्याच्या त्या हळू बोलण्याने माझ्या डोक्यात तिडीक उठली. पगार अडकला, डोळा गेला, लग्न मोडलं, तरी हा मला काका म्हणतो. मी पिशवीतून कोयता काढला आणि उचलला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. त्याला कोयता दिसलाच नाही. तो बोलतच राहिला, ते मशीन कसं चालतं ते सांगत होता, माणूस असला तर पडद्यावर लाल दिसतो आणि सामान असलं तर निळं.

त्याच्या आईला दिसला. ती ओरडली नाही. तिने सूप खाली ठेवलं, उठली आणि येऊन त्याच्या डाव्या अंगाला, माझ्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. नुसती उभी. माझ्या छातीला लागेल एवढी तिची उंची. तिच्या हातांना सुकटीचा वास येत होता.

मी कोयता दाराच्या चौकटीत हाणला. तो बोटभर आत रुतला. मग हितेशने मान वळवून पाहिलं आणि त्याचं बोलणं थांबलं. मी कोयता तिथेच सोडून निघालो. कुणी मला अडवलं नाही. नाक्यापर्यंत चालत आलो आणि तिघांच्या लेनच्या कडेला उभा राहिलो. हितेशच्या जागी आता दुसरा माणूस होता. गाड्या येत होत्या, तो वाकून डोकी मोजत होता.

खिडकीशी आल्यावर हितेश त्या दिवशी काय म्हणाला ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. लिहायला घेतो आणि हात थांबतो. तुला ते माहीत आहे. तू एका ओळीत तेच विचारलं होतंस, हे मला आता कळतं.

बाबा


रेवदंडा
८ फेब्रुवारी २०२६

प्रांजली,

हे पत्र दोनदा लिहिलं आहे. एक प्रत काल पोलिसांत नेऊन दिली, त्यावर त्यांचा शिक्का घेतला. दुसरी ही. पोलिसांच्या प्रतीत तुला उद्देशून काही नाही, बाकी सगळं तेच आहे. वकिलांनी वाचून सांगितलं की हे दिलंत तर मी केस लढणार नाही. मी म्हटलं, नका लढू.

मी, अनंत गोविंद राऊत, वय त्रेपन्न, राहणार रेवदंडा. १७ नोव्हेंबर रोजी सकाळी मोरखार नाक्यावर हितेशने माझ्या मुलीच्या अंगाला हात लावला नाही. त्याने गाडीत हातच घातला नाही. ओढणीचं मी रचलं. तू त्या दिवशी ओढणी घेतलीसुद्धा नव्हतीस, हे मला मागाहून आठवलं.

झालं ते असं. दांडा वर गेला नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. हितेश माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, टॅग बंद झाला आहे, आज मधल्या लेनने जा. मी भांडायला लागलो, की तीन माणसं आहेत, मोजून घे. त्याने मागे पाहिलं आणि हसून म्हणाला, ‘काका, आज खरं मानूस आनलंत, नि आजच दांडा पडला. भाऊसाहेबांना घरी ठेवलं काय?’ तू विचारलंस, म्हणजे? दादूला हसू आवरेना. त्याने तुला सोडणांची गोणी सांगितली, माकडटोपी सांगितली, लाडू सांगितले.

आणि तू हसलीस.

लहानपणी हसायचीस तशी, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबा, खरंच? असं विचारलंस आणि पुन्हा हसलीस. हितेश हसला, दादू हसला. त्यात वाईट काही नव्हतं. आज मला ते दिसतं. मलाही हसता आलं असतं आणि मधल्या लेनमध्ये जाऊन एक लेटमार्क खाता आला असता. पण आपल्या घरात मला कुणी हसलेलं नाही. आईने नाही, तू नाही. का नाही, ते तुला माहीत आहे आणि मलाही. ते हसणं मला तिथल्या तिथे बंद करायचं होतं. चारचौघांत तुझ्यावर हात उचलता येईना, म्हणून मी त्याच्यावर उचलला.

पहिला पाना खांद्यावर बसला, दुसरा कानाखाली. तो खाली पडला. पडल्यावर त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि काका, काका म्हणत होता. मी पायाने त्याचा एक हात बाजूला केला आणि तिसरा मारला. डोळा त्या तिसऱ्याने गेला. तेव्हा तिथे गर्दी नव्हती. एकही माणूस अजून गाडीतून उतरला नव्हता.

मग कुणीतरी मागून माझा दंड धरला. मी वळलो. तू होतीस. तू आहेस हे मला दिसलं, ओळखू आलं, आणि त्यानंतर मी पाना खाली आणला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दार कुणीही आपटलं नव्हतं. ते चुकून झालं असं तू स्वतःला सांगत असशील तर सांगू नकोस. तुझं हसणं तेव्हा केव्हाच थांबलेलं होतं, तरी मी मारलं.

तू रस्त्यावर बसलीस. लोक काचा खाली करून बघायला लागले. माझ्या हातात पाना, पायाशी रक्ताने माखलेला माणूस आणि शेजारी मनगट धरून बसलेली माझी मुलगी. मला काहीतरी कारण लागत होतं. मी तुझं नाव पुढे केलं. ओरडलो, आणि पुढचं लोकांनी केलं. त्यांनी मारलेलं सगळं माझ्या नावावर लिहा असं मी पोलिसांना सांगितलं. तसं लिहिता येत नाही म्हणाले. दादूलाही खोटं बोलायला मीच लावलं होतं. त्याने परवा जाऊन जबाब बदलला, आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

आता जामीन रद्द होईल, पोलीस केव्हाही येतील. पिशवी भरून ठेवली आहे. आई कालपासून तुझ्या मावशीकडे आहे. जाताना मी तिला म्हटलं, रागावून जाऊ नकोस. ती म्हणाली, ‘रागावून न्हाय जात. घाबरून जाते. सत्तावीस वरसं तशीच राह्यले.’ तेवढं बोलायला तिला सत्तावीस वर्षं लागली.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि ते ओझंही तुझ्यावरच येईल. या पत्राने तुझा जबाब टळणार नाही, असं पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले. तुला यावं लागेल. पण आता बापाला वाचवायचं की खरं बोलायचं, असा प्रश्न राहिलेला नाही. जे पाहिलंस ते सांग आणि लवकर परतीची गाडी पकड.

शेवटी मी लिहिणार होतो की मी बदललो आहे, आता मला राग येत नाही. कच्च्या कागदावर तसं लिहिलंही होतं. मग वर लिहिलेला तो मजकूर पुन्हा वाचला, तुझ्या हसण्याचा. वाचता वाचता ते हसणं कानात ऐकू आलं आणि माझी उजवी मूठ आपोआप वळली. खोली रिकामी होती, तरी वळली. 

म्हणून सोळा तारखेला कोर्टात मला आणलं असेल तर माझ्या जवळ येऊ नकोस. मी हाक मारली तरी येऊ नकोस. हितेशचीही त्याच दिवशी तारीख आहे. पुतळाबाई बाहेरच्या बाकावर बसलेल्या असतील. त्यांच्या शेजारी बस.

अनंत राऊत